चिकन स्कीमचा सीएससी: अकरा फाइलींच्या प्रोग्रामवर दोन वर्षं वापरून

चिकन हा स्कीम या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, आणि सीएससी ही तो चालवण्याची कमांड. एका फाइलचा स्कीम प्रोग्राम कंपाइल करायला चिकनमध्ये काहीच लागत नाही. टर्मिनलवर सीएससी, पुढे फाइलचं नाव, एंटर. चालवायला तयार प्रोग्राम त्याच फोल्डरमध्ये येऊन बसतो. एवढ्यावर परीक्षण लिहिलं नसतं. फाइली वाढल्या, प्रत्येक फाइलचं वेगळं मॉड्यूल झालं, एका मॉड्यूलमधले मॅक्रो (वापरलेल्या जागी उलगडून कोड बनणारे साचे) दुसऱ्यात वापरायला लागले, की कंपायलरचा खरा कस लागतो. त्या कसाला उतरलेलं आणि न उतरलेलं, दोन्ही इथे लिहिते आहे. मी चिकन ५ वापरते. ही आवृत्ती २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आली.

माझा प्रोग्राम सर्व्हरच्या नोंदी वाचतो, नियमांच्या चाळणीतून गाळतो आणि रोज सकाळी एक अहवाल काढतो. सुरुवातीला सगळं एकाच फाइलमध्ये होतं. आता अकरा फाइली आहेत. त्यांतली मोजकीच नावं इथे येतील, आणि वाचायला सोपं जावं म्हणून ती मराठीत देते: नोंद, वेळ, नियम, चाळणी, अहवाल आणि मुख्य. यांपैकी नियम हे मॉड्यूल सर्वांत महत्त्वाचं, कारण सगळे मॅक्रो त्यात आहेत.

थोडं मागचं सांगायला हवं. स्कीम ही १९७५ ची भाषा, पण १९९८ च्या आर५आरएस मानकापर्यंत मॉड्यूल हा प्रकारच मानकात नव्हता. २००७ च्या आर६आरएसने लायब्ररी आणली, २०१३ च्या आर७आरएसने ती वेगळ्या, सुटसुटीत रूपात आणली. लायब्ररी कशी लिहायची ते या मानकांनी सांगितलं. फाइली कुठल्या क्रमाने कंपाइल करायच्या, मधल्या फाइली कुठल्या, जुनी झालेली फाइल कशी ओळखायची, हे मात्र ज्याच्या त्याच्या कंपायलरवर सोडलं. म्हणून एका स्कीममध्ये शिकलेली बांधणी दुसऱ्या स्कीममध्ये जशीच्या तशी चालत नाही. चिकनची स्वतःची मॉड्यूल पद्धत आहे, आणि आर७आरएसच्या पद्धतीने लिहायचं असेल तर त्यासाठी वेगळं एग मिळतं. चिकनमध्ये जोडपॅकेजला एग म्हणतात. मी चिकनचीच पद्धत वापरते.

नवीन माणूस सर्वांत जास्त अडखळतो ते मॉड्यूल आणि युनिट यांच्यातल्या फरकावर. मीही तिथेच एक आठवडा घालवला. मॉड्यूल म्हणजे नावांची हद्द: कुठली नावं बाहेर दिसणार, कुठली आतच राहणार. युनिट म्हणजे लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले भाग जोडून एक प्रोग्राम बनवताना, जोडला जाणारा तुकडा. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध नाही. एका फाइलमध्ये दोन मॉड्यूल असू शकतात आणि ती फाइल मिळून एकच युनिट होऊ शकते. आपण सहसा फाइल, मॉड्यूल आणि युनिट या तिन्हींना एकच नाव देतो, त्यामुळे हा फरक डोळ्यांआड जातो आणि काही बिघडलं की कुठे बघायचं ते कळत नाही.

माझ्याकडे झालेली गोष्ट सांगते. नियम ही फाइल युनिट म्हणून कंपाइल केली, मुख्य फाइलमध्ये नियम मॉड्यूल इम्पोर्ट केलं, सगळ्या ऑब्जेक्ट फाइली (एकेक फाइल कंपाइल होऊन बनलेल्या) एकत्र लिंक केल्या. कुठेही तक्रार नाही. प्रोग्राम चालवला तर नियम नावाचं एक्स्टेंशन लोड करता येत नाही म्हणून तो पहिल्याच पावलाला थांबला. कोड तर त्याच एक्झिक्युटेबलच्या आत होता! कारण असं, की इम्पोर्ट केल्याने फक्त नावं दिसतात आणि चालताना ते एक्स्टेंशन हजर करण्याची सोय होते. हे एक्स्टेंशन आपल्याच पोटात युनिट म्हणून आहे, हे मुख्य फाइलला वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी फाइलच्या डोक्यावर डिक्लेअरमध्ये यूझेस लिहायचं किंवा कमांडवर तोच फ्लॅग द्यायचा. नाहीतर प्रोग्राम डिस्कवर वेगळी शेअर्ड फाइल शोधत बसतो. हे एकदा समजलं की कायमचं समजतं, पण ते समजावणारा संदेश कंपाइल होतानाच मिळायला हवा होता असं मला आजही वाटतं.

आता इम्पोर्ट लायब्ररीकडे येते, कारण माझ्या मते या कंपायलरबद्दलचं चांगलं-वाईट सगळं त्या एका फाइलभोवती फिरतं.

सीएससीला कॅपिटल जे हा फ्लॅग दिला की त्या फाइलमधल्या प्रत्येक मॉड्यूलसाठी एक छोटी स्कीम फाइल तयार होते. मॉड्यूलचं नाव, टिंब, इम्पोर्ट, टिंब, एससीएम. दुसरी फाइल कंपाइल होताना हीच वाचली जाते, मूळ फाइल नाही. ही साधी मजकूर फाइल आहे, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. नियमची उघडली तर आधी नोंदणीची ओळ, मग बाहेर काढलेल्या नावांच्या जोड्या दिसतात. डावीकडे आपण लिहिलेलं नाव, उजवीकडे तेच नाव पण आधी मॉड्यूलचं नाव आणि हॅशचं चिन्ह लावलेलं. खंड-तपास हे नाव आत नियम#खंड-तपास होतं. एरर संदेशातही हेच लांब नाव येतं, त्यामुळे कुठल्या मॉड्यूलमधली गोष्ट फसली ते तिथल्या तिथे कळतं. जोड्यांच्या खाली मॅक्रो येतात, आणि ते पूर्ण, कोडसकट. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फंक्शन ऑब्जेक्ट फाइलमध्ये राहतं आणि चालताना बोलावलं जातं. मॅक्रो मात्र कंपाइल होतानाच वापरणाऱ्याच्या फाइलमध्ये उलगडतो. म्हणजे नियममधला मॅक्रो प्रत्यक्षात चाळणीच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये जाऊन बसलेला असतो.

याच न समजलेल्या गोष्टीमुळे माझे तीन दिवस गेले. नियममध्ये एक मॅक्रो आहे, दोन नोंदींमधला खंड मोजणारा. ३० सेकंदांपेक्षा जास्त खंड असेल तर अहवालात ती जागा लाल व्हायला हवी. आधी मॅक्रो सेकंद मोजून खंड-तपासला द्यायचा. मी दोन्ही बदलले: मॅक्रो मिलिसेकंद देईल, खंड-तपास मिलिसेकंद घेईल. मेक, म्हणजे बदललेल्या फाइलींपुरतीच बांधणी पुन्हा करणारं साधन, चालवलं. नियम कंपाइल झालं, सगळं लिंक झालं, पुढचे तीन दिवस अहवाल अगदी स्वच्छ आला. एकही लाल जागा नाही. अहवाल स्वच्छ असला की कुणी शंका घेत नाही. चौथ्या दिवशी मी स्वतः मूळ नोंदी वाचत होते आणि ४० सेकंदांचा खंड डोळ्यांसमोर दिसला. अहवालात तो नव्हता.

नियमची इम्पोर्ट लायब्ररी उघडली, मॅक्रो नवाच होता. खंड-तपास नवा होता. मग ऑब्जेक्ट फाइलींच्या तारखा पाहिल्या. चाळणीची ऑब्जेक्ट फाइल गेल्या आठवड्यातली. चाळणीच्या मूळ फाइलला मी हात लावला नव्हता, म्हणून मेकने ती पुन्हा कंपाइल केली नाही. तिच्या पोटात जुना मॅक्रो उलगडलेला होता, तो सेकंदच देत होता. खंड-तपास ते ४० मिलिसेकंद समजून सोडून देत होतं. चूक माझ्या मेकफाइलची, म्हणजे कुठली फाइल कशावर अवलंबून आहे ते मेकला सांगणाऱ्या फाइलची. चाळणी नियमच्या इम्पोर्ट लायब्ररीवर अवलंबून आहे हे मी लिहिलंच नव्हतं.

सीएससी ही नाती स्वतः सांभाळत नाही. त्याला जी फाइल द्याल ती तो कंपाइल करतो, पुढचं-मागचं बघत नाही. ज्यांना हे आयतं हवं आहे त्यांच्यासाठी रॅकेट ही स्कीमच्याच कुळातली भाषा आहे. तिचं राको मेक प्रत्येक फाइलच्या अवलंबनांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, मजकुराच्या हॅशसकट (मजकुरावरून काढलेली छोटी खूण), आणि लागेल तेवढंच पुन्हा कंपाइल करतं. शे स्कीम हा दुसरा स्कीम कंपायलर वेगळ्या वाटेने सावध करतो: प्रत्येक लायब्ररी कंपाइल झाली की तिला एक नवी ओळख मिळते, आणि जुन्या ओळखीवर बांधलेली फाइल लोड करायला गेलं तर तो सरळ नकार देतो. माझ्या बाबतीत असा नकार मिळाला असता तर तीन दिवस वाचले असते. गाइल या आणखी एका स्कीममध्ये फाइली आपोआप कंपाइल होऊन साठवल्या जातात, मॉड्यूलच्या नावावरून फाइलचा पत्ता ठरतो, सुरुवात सगळ्यांत सोपी. पण तेही फाइलच्या वेळेवर विसंबतं, दुसऱ्या मॉड्यूलमधला मॅक्रो बदलला तर वापरणारी फाइल जुनीच राहू शकते. सगळं ताजं कंपाइल कर म्हणून सांगायला तिथे वेगळा फ्लॅग आहे.

इतकं असूनही मी चिकनवर टिकून आहे, आणि त्याचं कारण पुन्हा तीच इम्पोर्ट लायब्ररी. मॉड्यूल पुन्हा कंपाइल झालं पण बाहेर दिसणारी नावं आणि मॅक्रो तेच राहिले, तर कंपायलर इम्पोर्ट लायब्ररी पुन्हा लिहीत नाही. बडबड्या फ्लॅगने चालवलं तर तसं सांगतोही. या एका बारकाव्यावर उत्तम मेकफाइल उभी राहते. माझी अशी आहे: नियमची ऑब्जेक्ट फाइल मूळ फाइलवर अवलंबून, कृती म्हणजे सीएससीची ओळ. नियमची इम्पोर्ट लायब्ररी त्या ऑब्जेक्ट फाइलवर अवलंबून, कृती रिकामी, नुसता अर्धविराम. चाळणीची ऑब्जेक्ट फाइल चाळणीच्या मूळ फाइलवर आणि नियमच्या इम्पोर्ट लायब्ररीवर अवलंबून. आता नियममधल्या एखाद्या फंक्शनचं पोट बदललं तर फक्त नियम कंपाइल होतं आणि लिंक होते. मॅक्रो बदलला किंवा नवं नाव बाहेर काढलं तर इम्पोर्ट लायब्ररीची वेळ बदलते आणि वापरणाऱ्या सगळ्या फाइली आपोआप रांगेत येतात. गेलं दीड वर्ष हे न चुकता चाललंय.

दोन ठिकाणी जपावं लागतं. साफसफाईच्या कृतीत ऑब्जेक्ट फाइल आणि इम्पोर्ट लायब्ररी दोन्ही पुसायच्या. नुसती इम्पोर्ट लायब्ररी पुसली तर रिकामी कृती ती परत बनवणार नाही आणि पुढची फाइल मॉड्यूल सापडत नाही म्हणून अडेल. आणि मॉड्यूलच्या सीमेपलीकडे इनलाइन करण्यासाठी (फंक्शनला बोलावण्याऐवजी त्याचा कोडच तिथे टाकण्यासाठी) वेगळी इनलाइन फाइल काढत असाल, तर तीसुद्धा अवलंबनांत घाला. तिथे फंक्शनचंही मॅक्रोसारखंच होतं, त्याचं पोट दुसऱ्याच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये जाऊन बसतं. मी इनलाइन फाइली काढणं बंद केलं. माझ्या प्रोग्रामचा बहुतेक वेळ डिस्कवरून वाचण्यात जातो.

मॅक्रो बाहेर काढणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी. मॅक्रो उलगडल्यावर त्यात जर मॉड्यूलच्या आतल्या एखाद्या फंक्शनचं नाव येत असेल, तर ते फंक्शनही पोचवावं लागतं. बाहेर न काढलेली नावं कंपायलर झाकून टाकतो, त्यामुळे त्याला जास्त ऑप्टिमाइझ करता येतं. मग दुसऱ्या फाइलमध्ये मॅक्रो उलगडतो, नियम#खंड-तपास शोधतो, आणि चालताना ते नाव अनबाउंड (कशालाच न जोडलेलं) म्हणून येतं. यावर चिकनचा उपाय मला मनापासून आवडला. एक्सपोर्टच्या यादीत मॅक्रोचं नाव सुटं न लिहिता कंसात लिहायचं आणि त्याच कंसात मागोमाग मदतनीस फंक्शनची नावं. मॅक्रो सगळ्यांना दिसतो. मदतनीस फक्त मॅक्रोपुरता उपलब्ध राहतो, वापरणाऱ्याला थेट हाताळता येत नाही. यादी वाचली की कुठल्या मॅक्रोला कशाचा आधार आहे ते लगेच दिसतं. माझ्या नियम मॉड्यूलमध्ये असे सहा कंस आहेत, आणि नवीन मॅक्रो लिहायला घेतला की मी आधी तो कंस लिहिते, मग मॅक्रो.

चिकन हा स्कीमच्या कोडचं रूपांतर सी भाषेत करतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याचा बहुफाइली कामात फायदा असा, की ऑब्जेक्ट फाइली, लिंकर, स्थिर लायब्ररी ही सगळी ओळखीची हत्यारं तशीच चालतात. मधल्या फाइली ठेवण्याचा फ्लॅग देऊन मी एकदा सी फाइल वाचली. एफ आणि आकडा अशी नावं असलेली फंक्शनं, प्रत्येकाच्या डोक्यावर शेऱ्यात मूळ स्कीमचं नाव. ही फंक्शनं परत फिरत नाहीत, पुढच्याला बोलावत जातात. स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) भरला की जिवंत, म्हणजे अजून लागणाऱ्या, वस्तू उचलून हीपवर (टिकाऊ मेमरीत) नेल्या जातात आणि स्टॅक रिकामा होतो. हेन्री बेकर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ही कल्पना फेलिक्स विंकेलमान यांनी चिकनमध्ये उतरवली. मला ती अतिशय देखणी वाटते, आणि कंपाइल झालेला कोड उघडून ती बघता येते हे आणखी छान. किंमत मोजावी लागते ती वेळेची. सी कंपायलरला हा कोड पचायला वेळ लागतो, मोठी फाइल असेल तर चांगलाच. फाइली वेगळ्या केल्या त्यामागे माझं पहिलं कारण हेच होतं.

स्थिर लिंकिंगने मला अनपेक्षित सुख दिलं. स्टॅटिक फ्लॅग देऊन लिंक केलं की चिकनची रनटाइम आणि वापरलेली एग्ज एक्झिक्युटेबलच्या आत जातात. चिकन अजिबात नसलेल्या मशीनवर ती एकच फाइल नेली आणि चालली. इम्पोर्ट लायब्ररी तिथे न्यायची गरज नाही, त्या फक्त कंपाइल होतानाच लागतात. प्रोग्राम चालताना इव्हॅलमधून (त्याच वेळी दिलेला कोड चालवणाऱ्या फंक्शनमधून) मॉड्यूल इम्पोर्ट करणार असाल तर गोष्ट वेगळी.

मेक नको असेल तर एगची फाइल लिहिता येते. त्यात प्रत्येक मॉड्यूल घटक म्हणून लिहायचं, मुख्य प्रोग्राम वेगळा, आणि कुणाला कोण लागतं ते घटकांच्या अवलंबनात. चिकन-इन्स्टॉलला न बसवता फक्त बांधायला सांगता येतं. वाटण्यासारखं काही बनवत असाल तर हाच मार्ग घ्या. माझ्या प्रोग्रामला एग व्हायचं नाही, म्हणून मी मेकवर आहे.

चुका सांगण्याच्या बाबतीत कंपायलर चांगला साथीदार आहे. मॉड्यूलमध्ये एखादं नाव इम्पोर्ट करायचं राहिलं तर तो नाव सांगतो, कुठल्या फंक्शनमध्ये आलं ते सांगतो, आणि ते ज्या माहीत असलेल्या मॉड्यूलमध्ये सापडतं ते इम्पोर्ट करा असंही सुचवतो. चिकन ५ मध्ये गाभ्यातली फंक्शनं बऱ्याच छोट्या मॉड्यूलमध्ये विभागली आहेत, त्यामुळे ही सूचना दिवसातून दोन-तीनदा तरी उपयोगी पडते. दोन मॉड्यूल एकमेकांना इम्पोर्ट करत असतील तर मात्र बांधणी होतच नाही, एकाची इम्पोर्ट लायब्ररी दुसऱ्याच्या आधी हवी आणि दुसऱ्याची पहिल्याच्या. नोंद आणि वेळ यांच्यात माझा असा गुंता झाला होता. दोघांना लागणारी चार फंक्शनं तिसऱ्या फाइलमध्ये काढली आणि सुटला.

माझं मत असं: मेकफाइल लिहायची तयारी असेल आणि शेवटी सुटी, स्वतंत्र चालणारी फाइल हवी असेल, तर बहुफाइली स्कीमसाठी सीएससी निःशंक घ्या. अवलंबनांचा विचारच करायचा नसेल तर रॅकेटकडे जा.

मला हवी असलेली एक सोय यात नाही. सी कंपायलरला एमएम हा फ्लॅग दिला की तो फाइलची अवलंबनं मेकच्या भाषेत छापून देतो. सीएससीत तसं काही नाही, म्हणून मी ते स्वतः लिहिलं, स्कीममध्येच. स्कीमचा कोड म्हणजे याद्याच, त्यामुळे रीड हे एकच फंक्शन पुरतं. स्क्रिप्ट फाइल वाचते, मॉड्यूलच्या आतले इम्पोर्ट गोळा करते, ओन्ली, एक्सेप्ट, रीनेम आणि प्रीफिक्स यांची सालं काढून आतलं मॉड्यूलचं नाव घेते, आणि त्या नावाची मूळ फाइल फोल्डरमध्ये असेल तर मेकची एक ओळ छापते. एकूण ४३ ओळी. मेकफाइल आता सुरुवातीलाच ही स्क्रिप्ट चालवते, आणि मागच्या महिन्यात अकरावी फाइल जोडली तेव्हा मेकफाइलला हातही लावावा लागला नाही.